अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजलेल्या रुग्णाचा सीटी : तपासणी, वाचन आणि अहवाल

दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जड झाल्या आहेत, जबड्याखाली दोन्ही बाजूंना न दुखणारी, कडक सूज आहे आणि हे सारे काही महिन्यांपासून हळूहळू वाढत आहे, असा मध्यमवयीन रुग्ण बहुधा आधी नेत्रतज्ज्ञाकडे, मग कान-नाक-घसा विभागात आणि मध्येच केव्हातरी दंतवैद्याकडेही जाऊन आलेला असतो. प्रत्येकाने आपापला अवयव पाहिलेला असतो, परंतु सर्व ग्रंथी एकत्र पाहण्याची पहिली संधी अनेकदा सीटीच्या पडद्यावरच मिळते. प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून ग्रंथींना होणाऱ्या आजारांपैकी आयजीजी-४ संबंधित आजार (यात आयजीजी-४ हे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी साचून ग्रंथी सुजतात व कडक होतात) हा सीटीवर ओळखता येण्याजोगा, पण तितकाच हुलकावणी देणारा आजार आहे. म्हणून या लेखात तो मध्यभागी ठेवला असून श्योग्रेन सिंड्रोम (अश्रू व लाळ आटवणारा प्रतिकारशक्तीजन्य विकार), लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग), क्षयरोग इत्यादींचा विचार त्याच्याशी तुलना करत केला आहे. लेख प्रामुख्याने रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर आणि त्यांच्याकडे रुग्ण पाठवणारे चिकित्सक यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट प्रारंभीच नोंदवली पाहिजे. सीटीवर पेशी दिसत नाहीत, त्यामुळे एकट्या सीटीवरून ‘आयजीजी-४ संबंधित आजार’ असे निदान लिहिता येत नाही. कोणत्या ग्रंथी बाधित आहेत, त्यांचा मूळ घाट टिकून आहे का, शेजारचे हाड आणि नसा (मज्जातंतू) कशा आहेत आणि तपासणीसाठी तुकडा नेमका कोठून घ्यावा, या चार प्रश्नांची उत्तरे मात्र सीटी देऊ शकतो. ती नीट दिली तर पुढची वाट बरीच सोपी होते.

या सुजेची वैद्यकीय नोंद जुनी आहे. योहान फॉन मिकुलिच यांनी १८८८ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजलेल्या एका शेतकऱ्याची हकीकत मांडली, तर हेरमान क्युटनर यांनी १८९६ मध्ये सबमँडिब्युलर (जबड्याखालच्या लाळ) ग्रंथीच्या गाठीसारख्या कडक सुजेचे वर्णन केले. पुढे १९५३ मध्ये मॉर्गन आणि कॅसलमन यांनी मिकुलिचचा आजार आणि श्योग्रेन सिंड्रोम हे एकाच विकाराचे आविष्कार असल्याचे मत मांडले आणि मिकुलिचचा आजार सुमारे अर्धशतक श्योग्रेनच्या छायेत राहिला. जपानमधील संशोधकांनी २००१ मध्ये स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात रक्तातील आयजीजी-४ वाढलेले असल्याचे दाखवले आणि नंतरच्या काही वर्षांत मिकुलिचच्या आजारातही तेच आढळले. तेव्हा हे दोन आजार पुन्हा वेगळे झाले. जुन्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या वाचकांच्या मनात ते आजही एकत्रच असतात, म्हणून हा इतिहास सांगितला.

पहिली पायरी : टेबलावर घेण्यापूर्वी

विनंतीपत्रावर बहुतेक वेळा ‘मानेत सूज, सीटी करावा’ एवढेच लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर तपासणी ठरवली तर ती अपुरी पडते. रुग्णाला थेट चार-पाच प्रश्न विचारावेत. सूज किती दिवसांची आहे, ती जेवताना वाढते का, तोंड व डोळे कोरडे पडतात का, दमा किंवा नाकातील पॉलिपचा त्रास आहे का, ताप येतो का किंवा वजन घटले आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्टिरॉइड सुरू झाले आहे का, हे विचारावे. जेवताना वाढून नंतर ओसरणारी सूज लाळनलिकेतील खड्याकडे बोट दाखवते. आयजीजी-४ संबंधित आजारात दमा, ॲलर्जी आणि रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढणे यांचा इतिहास वारंवार आढळतो, मात्र ताप सहसा येत नाही. स्टिरॉइड सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील, तर ग्रंथी आकसलेल्या असू शकतात आणि ‘सूज नाही’ हा निष्कर्ष दिशाभूल करतो.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त द्रावण) देण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहण्याचा नियम या रुग्णांत विशेष काटेकोरपणे पाळावा, कारण हाच आजार मूत्रपिंडातही असू शकतो आणि रुग्णाला त्याची काहीही जाणीव नसते. अंदाजित गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलून घ्यावा. थायरॉइडचा विकार असून किरणोत्सारी आयोडीनचे उपचार किंवा स्कॅन नजीकच्या काळात ठरले असतील, तर कॉन्ट्रास्टमधील आयोडीनमुळे ते काही आठवडे पुढे ढकलावे लागतात, हेही संबंधित डॉक्टरांना आधीच कळवावे.

दुसरी पायरी : स्कॅन

सर्वाधिक चूक येथे व्याप्तीची होते. ‘मानेचा सीटी’ अनेकदा कवटीच्या तळापासून सुरू केला जातो आणि अश्रुग्रंथी चित्राबाहेर राहतात, तर ‘ऑर्बिटचा सीटी’ (डोळ्याच्या खोबणीचा) वरच्या जबड्यापाशी थांबतो आणि सबमँडिब्युलर ग्रंथी सुटतात. दोन जोड्या एकत्र सुजल्या आहेत हा निष्कर्षच निदानाला वळण देणारा असल्यामुळे, भुवईच्या वरच्या हाडापासून महाधमनीच्या कमानीपर्यंत एकाच स्कॅनमध्ये सर्व भाग घ्यावा.

कॉन्ट्रास्ट शक्यतो उजव्या हातातून द्यावा. डाव्या हातातून दिल्यास छातीच्या तोंडाशी आडव्या जाणाऱ्या शिरेत दाट कॉन्ट्रास्ट साचतो आणि मानेच्या तळाशी रेघा उमटतात. प्रौढांमध्ये मिलिलिटरमागे ३०० ते ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेले ८० ते १०० मिलिलिटर द्रावण सेकंदाला २ ते ३ मिलिलिटर या वेगाने देऊन साधारण ७० सेकंदांनी स्कॅन केल्यास ग्रंथी आणि रक्तवाहिन्या दोन्ही चांगल्या दिसतात. रुग्णाने डोळे सैल मिटून नजर समोर स्थिर ठेवावी, श्वास शांतपणे घ्यावा आणि गिळू नये, हे त्याला त्याच्या भाषेत आधी सांगावे. स्कॅन सुरू असताना माइकवरून घाईने दिलेल्या सूचनेने रुग्ण दचकून नेमका आवंढा गिळतो.

प्रतिमा १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घ्याव्यात आणि त्यांतून २ ते ३ मिलिमीटरचे ॲक्झिअल (आडवे), कोरोनल (समोरून) व सॅजिटल (बाजूने) काप तयार करावेत. हाडांसाठी वेगळे, तीक्ष्ण पुनर्रचनेचे काप हवेतच. दातांतील धातूच्या कॅपमुळे उमटणाऱ्या रेघा नेमक्या पॅरोटिडच्या (कानापुढच्या लाळग्रंथीच्या) खोल भागावर आणि सबमँडिब्युलर ग्रंथीवर येतात. अशा वेळी हनुवटी थोडी वर करून तेवढ्याच भागाचे एक छोटे स्कॅन घेणे फायद्याचे ठरते. कॉन्ट्रास्टविना स्कॅन सरसकट करू नये, पण खड्याची शंका असेल तर सबमँडिब्युलर भागापुरते ते जरूर करावे. डोळ्याच्या भिंगाला मोतीबिंदूच्या दृष्टीने घातक ठरू शकणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११ मध्ये ०.५ ग्रे इतकी खाली आणली. एका स्कॅनचा डोस त्यापेक्षा खूपच कमी असतो, परंतु हा आजार वर्षानुवर्षे चालणारा असल्याने प्रत्येक अनावश्यक फेरी टाळलेली बरी.

तिसरी पायरी : अश्रुग्रंथीचा खळगा

वाचनाची सुरुवात वरून करावी. निरोगी प्रौढाची अश्रुग्रंथी साधारण ५ मिलिमीटर जाडीची असते आणि वयोमानाने ती लहान होत जाते, त्यामुळे तरुणाच्या ग्रंथीसाठी जो आकार सामान्य आहे तोच सत्तरीच्या रुग्णात मोठा ठरू शकतो. दोन्ही बाजूंची जाडी आणि लांबी एकाच पातळीच्या कापावर मोजावी आणि तो काप नोंदवून ठेवावा.

आयजीजी-४ संबंधित आजारात ग्रंथी सर्वांगाने वाढते, पण तिचा मूळ बदामासारखा घाट टिकून राहतो. ती पापणीच्या दिशेने पुढे येते, डोळ्याच्या गोलाला चिकटून त्याच्या वक्रतेप्रमाणे पसरते, गोलाला दाबून खड्डा पाडत नाही आणि कॉन्ट्रास्टनंतर एकसारखी उजळते. सूज बहुधा दोन्ही बाजूंना असते. दोन्ही बाजू अगदी समसमान नसल्या तरी बिघडत नाही. लहान बाजूची ग्रंथीही सामान्यापेक्षा मोठी आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

आता हाडांची विंडो (हाड स्पष्ट दिसेल अशी करड्या छटांची मांडणी) लावून खळग्याची भिंत तपासावी. ग्रंथीच्या केवळ मागच्या, खोल भागात गोलसर गाठ असून तिने हाडावर गुळगुळीत, उथळ खड्डा पाडला असेल, तर तो बहुधा हळू वाढणारा प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा (कर्करोग नसलेली गाठ) असतो. हाड कुरतडलेले असेल, गाठीत कॅल्शियमचे ठिपके असतील आणि रुग्णाला वेदना असतील, तर ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचा (ग्रंथीच्या एका कर्करोगाचा) विचार आधी करावा. हा फरक केवळ नावापुरता नाही. ॲडेनोमाची शंका असलेल्या गाठीतून तुकडा घेतल्यास आवरण फाटून ती पुन्हा उद्भवण्याचा धोका असतो, म्हणून ती आवरणासह अखंड काढतात. याउलट, दाहाने किंवा लिम्फॉइड पेशींनी सुजलेल्या ग्रंथीतून तुकडा घ्यावाच लागतो. सीटी वाचणाऱ्याचे येथील एक वाक्य शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवते.

चौथी पायरी : इन्फ्राऑर्बिटल नस आणि डोळ्यांचे स्नायू

या पायरीवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक उपयुक्त खूण येथे सापडते आणि तीच सर्वाधिक वेळा सुटते. इन्फ्राऑर्बिटल नस, म्हणजे गालाची संवेदना वाहणारा मज्जातंतू, डोळ्याच्या खोबणीच्या तळातून, हाडाच्या नलिकेतून पुढे जाते. कोरोनल कापांवर खोबणीच्या मागच्या टोकापासून पुढे येत ही नस दोन्ही बाजूंना शोधावी आणि तिची जाडी त्याच कापातील दृष्टिमज्जातंतूशी ताडून पाहावी. एरवी ती त्याच्यापेक्षा स्पष्टपणे बारीक असते. ती त्याच्याइतकी किंवा त्याहून जाड दिसली आणि हाडाची नलिका गुळगुळीतपणे रुंदावलेली असली, तर आयजीजी-४ संबंधित आजाराची शक्यता बरीच वाढते. इतकी जाड होऊनही बहुतेक रुग्णांच्या गालाची संवेदना शाबूत असते, म्हणून ही खूण रुग्णाच्या तक्रारीतून कळत नाही. ती शोधावीच लागते.

जाड नस म्हणजे नेहमी हाच आजार असे मात्र नाही. चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग किंवा ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसेच्या कडेने मागे पसरू शकतो आणि लिम्फोमाही असे करतो. एकाच बाजूची नस जाड असेल, नलिकेच्या कडा खडबडीत असतील किंवा टेरिगोपॅलेटाइन (वरच्या जबड्यामागील) खळग्यातील चरबी नाहीशी झाली असेल, तर एमआरआय सुचवावा. नसेचा मेंदूकडील प्रवास, मेंदूच्या आवरणाची जाडी आणि पिट्युटरीचा देठ यांबाबत सीटी पुरेसा नाही.

स्नायूंत बाहेरच्या बाजूचा लॅटरल रेक्टस वाढलेला असण्याकडे लक्ष ठेवावे. थायरॉइडशी निगडित डोळ्यांच्या आजारात, म्हणजे या भागातील दुसऱ्या एका प्रतिकारशक्तीजन्य विकारात, खालचा आणि आतला रेक्टस प्रामुख्याने फुगतो, स्नायूची कंडरा बारीकच राहते आणि लॅटरल रेक्टस एकटा क्वचितच वाढतो. नाकाभोवतीच्या सायनसमध्ये जाड झालेले अस्तर दिसले तर ‘सायनसायटिस’ एवढे लिहून पुढे जाऊ नये, कारण तो याच आजाराचा भाग असू शकतो.

पाचवी पायरी : लाळग्रंथी

आयजीजी-४ संबंधित आजाराचा ओढा सबमँडिब्युलर ग्रंथीकडे, तर श्योग्रेनचा पॅरोटिडकडे असतो. हा नियम ढोबळ आहे, पण सुरुवात करण्यास पुरेसा आहे. सबमँडिब्युलर ग्रंथी दोन्ही बाजूंना भरीव, एकसंध वाढलेल्या किंवा बारीक गाठींनी भरल्यासारख्या दिसतात. नलिका फुगलेली नसते, खडा नसतो आणि भोवतालच्या चरबीत दाहाचे धागे नसतात. हा ‘शांत’ परिसरच महत्त्वाचा आहे, कारण जीवाणूंच्या संसर्गात चरबी मळकट होते आणि त्वचा जाड होते. प्रौढांच्या पॅरोटिडमध्ये चरबी असल्यामुळे ती सीटीवर काळसर दिसते. पेशींनी ती चरबी व्यापल्यावर पॅरोटिड सबमँडिब्युलरइतकी दाट दिसू लागते. म्हणून विंडोची रुंदी २०० ते २५० वर आणून दोन्ही ग्रंथींची घनता शेजारी ठेवून पाहावी. जिभेखालच्या ग्रंथी बहुधा कोणी पाहतच नाही, पण त्याही सुजलेल्या असू शकतात.

एकाच बाजूची कडक सबमँडिब्युलर ग्रंथी, अर्थात क्युटनरची गाठ, ही वेगळीच अडचण आहे. ती हाताला कर्करोगासारखी लागते आणि अनेक रुग्णांत ग्रंथी काढून टाकल्यावरच निदान कळते. एका बाजूची गाठ वाचतानाही दुसऱ्या बाजूची ग्रंथी आणि दोन्ही अश्रुग्रंथी मोजण्याची सवय येथे उपयोगी पडते.

श्योग्रेनमध्ये प्रारंभी सीटी अगदी सामान्य असू शकतो. पुढे पॅरोटिडचा पोत विस्कळीत होतो, चरबीचे पुंजके, लहान पोकळ्या आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले टाचणीच्या टोकाएवढे कॅल्शियमचे कण दिसतात आणि अखेरीस ग्रंथी आकसते. हे कण सीटीवरच सर्वांत चांगले दिसतात. तरीही २०१६ च्या अमेरिकी-युरोपीय वर्गीकरण निकषांत सीटीला एकही गुण नाही. तेथे ओठातील लहान ग्रंथींची बायोप्सी, अँटी-रो प्रतिपिंडे, अश्रूंची शिर्मर चाचणी, डोळ्यांच्या पृष्ठभागाचे रंजन आणि लाळेचे प्रमाण यांनाच स्थान आहे. म्हणून श्योग्रेनच्या शंकेसाठी लाळग्रंथींची सोनोग्राफी आधी करावी आणि सीटी गुंतागुंतीसाठी राखून ठेवावा. त्यांतील सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे लिम्फोमा होय. जुन्या श्योग्रेनच्या विस्कळीत पॅरोटिडमध्ये एकच भरीव गाठ इतरांपेक्षा ठळकपणे वाढली असेल, तर ‘आजार वाढला’ असे न लिहिता तेथील तुकडा घ्यावा असे लिहावे.

सहावी पायरी : बहुरूपी शेजारी

लिम्फोमा आणि आयजीजी-४ संबंधित आजार यांत केवळ सीटीवरून फरक करण्याचा अट्टहास धरू नये. दोन्ही एकसंध असतात, दोन्ही डोळ्याच्या गोलाभोवती त्याच्या आकारानुसार पसरतात आणि दोन्ही स्टिरॉइडने लहान होतात. एका बाजूचा विस्तार, वेगाने होणारी वाढ आणि मोठ्या लसिकाग्रंथी या बाबी लिम्फोमाकडे झुकतात. एमआरआयच्या डिफ्यूजन प्रतिमा थोडी मदत करतात, पण निर्णय ऊतीचाच असतो.

आपल्याकडे क्षयरोगाचा विचार प्रत्येक अहवालात झाला पाहिजे. आयजीजी-४ संबंधित आजारातील मानेच्या लसिकाग्रंथी मध्यम आकाराच्या आणि आतून एकसंध असतात. मध्यभागी काळसर कुजलेला भाग, कडेला उजळ वलय आणि एकमेकींत गुंतलेल्या ग्रंथी दिसल्यास तो क्षयरोग समजून तपास करावा आणि त्याआधी स्टिरॉइड सुरू करू नये. सारकॉइडोसिसमध्ये (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याच्या आजारात) पॅरोटिडसोबत छातीतील लसिकाग्रंथी दोन्ही बाजूंना सममितपणे वाढतात. दोन्ही पॅरोटिडमध्ये मोठ्या पोकळ्या आणि सोबत वाढलेले ॲडेनॉइड (नाकामागील लसिका ऊती) दिसल्यास एचआयव्हीची चाचणी सुचवावी. तरुण आशियाई पुरुषात पॅरोटिडपासून त्वचेखालच्या चरबीपर्यंत अस्पष्ट कडांनी पसरलेली सूज आणि इओसिनोफिल खूप वाढलेले असतील, तर किमुराचा आजार आठवावा.

सातवी पायरी : मानेखाली पाहणे

दोन जोड्या बाधित आढळल्या, तर छाती आणि पोट पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. स्वादुपिंड सॉसेजसारखे सुजून त्याचे कंगोरे पुसले गेले आहेत का, त्याभोवती काळसर पट्टा आहे का, मूत्रपिंडांच्या कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात) दोन्हीकडे कमी उजळणारे भाग आहेत का, मणक्यांच्या कडेला किंवा महाधमनीभोवती मऊ ऊतीचा थर आहे का, हे पाहावे.

२०१९ च्या अमेरिकी-युरोपीय वर्गीकरणात या निष्कर्षांना गुण आहेत आणि सीटीचा अहवाल तेथे थेट मोजला जातो. अश्रुग्रंथी, पॅरोटिड, सबमँडिब्युलर आणि सबलिंग्वल (जिभेखालच्या) यांपैकी एक जोडी बाधित असल्यास ६ आणि दोन किंवा अधिक जोड्या बाधित असल्यास १४ गुण मिळतात. समजा, ५५ वर्षांच्या एका पुरुषाच्या अश्रुग्रंथी आणि सबमँडिब्युलर ग्रंथी दोन्ही बाजूंना सुजल्या आहेत आणि रक्तातील आयजीजी-४ सामान्य मर्यादेच्या तिप्पट आहे. ग्रंथींचे १४ आणि रक्ताचे ६ मिळून २० होतात आणि आवश्यक उंबरठाही २० चाच आहे. अहवालात केवळ ‘सबमँडिब्युलर ग्रंथी वाढलेल्या’ असे लिहून अश्रुग्रंथींचा उल्लेख राहिला, तर हाच रुग्ण १२ वर अडकतो. अर्थात हे निकष संशोधनातील वर्गीकरणासाठी आहेत, त्यांत ताप येणे किंवा स्टिरॉइडला प्रतिसाद न मिळणे यांसारख्या वगळण्याच्या अटीही आहेत, आणि गुण भरले म्हणून बायोप्सी टाळणे, विशेषतः लिम्फोमाची शंका असताना, मला योग्य वाटत नाही. उलट बाजूने पाहता, ऊतीने सिद्ध झालेल्या बऱ्याच रुग्णांत रक्तातील आयजीजी-४ सामान्य असते आणि इतर अनेक आजारांतही ते १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाते. रक्ताचा अहवाल पाहून सीटीचे मत बदलू नये.

आठवी पायरी : अहवाल आणि तुकडा

निष्कर्षाचा परिच्छेद पुढीलप्रमाणे असावा : ‘दोन्ही अश्रुग्रंथी आणि दोन्ही सबमँडिब्युलर ग्रंथी सर्वांगाने वाढलेल्या असून त्यांचा घाट टिकून आहे व त्या एकसारख्या उजळतात. खडा, पोकळी किंवा हाडाची झीज नाही. दोन्ही इन्फ्राऑर्बिटल नसा दृष्टिमज्जातंतूहून जाड असून नलिका गुळगुळीतपणे रुंदावल्या आहेत. मानेच्या लसिकाग्रंथींत कुजलेला भाग नाही. चित्र आयजीजी-४ संबंधित आजाराशी जुळते, लिम्फोमा वगळण्यासाठी ऊतितपासणी आवश्यक आहे. तुकड्यासाठी डावी सबमँडिब्युलर ग्रंथी सर्वांत सोयीची आहे. स्टिरॉइड त्यानंतर सुरू करावे.’ शेवटचे वाक्य लिहिणे हे रेडिओलॉजिस्टचे काम नाही असे कोणी म्हणेल, पण तो अहवाल हातात पडताच गोळ्या सुरू होण्याची शक्यता असेल, तर ते लिहिलेच पाहिजे.

बारीक सुईने पेशी शोषून घेण्याची तपासणी येथे अपुरी पडते, कारण चक्राकार गुंफलेले तंतू, शिरा बुजवणारा दाह आणि आयजीजी-४ पेशींचे एकूण आयजीजी पेशींशी ४० टक्क्यांहून अधिक असलेले प्रमाण यांसाठी ऊतीची रचना दिसावी लागते. कोअर सुईचा किंवा उघड्या बायोप्सीचा तुकडा घ्यावा आणि त्यातील काही भाग लिम्फोमाच्या तपासण्यांसाठी ताजा पाठवावा. अश्रुग्रंथीच्या तुकड्यात चक्राकार तंतू अनेकदा दिसत नाहीत, तेवढ्यावरून निदान फेटाळू नये.

नववी पायरी : उपचारानंतर

उपचारांनंतर ग्रंथी काही आठवड्यांतच लहान होतात. लाळग्रंथींसाठी सोनोग्राफी पुरेशी असून सीटी केवळ खोबणी, नस किंवा पोटातील अवयव पाहायचे असतील तेव्हाच करावा. तो करताना पहिल्या वेळी नोंदवलेल्याच पातळीवर, त्याच जाडीच्या कापावर मोजमाप घ्यावे. इतर सर्व ग्रंथी आकसल्या आणि एकच जागची तशी राहिली किंवा वाढली, तर औषध वाढवण्यापूर्वी त्याच ग्रंथीतून तुकडा घ्यावा, मग पहिली बायोप्सी दुसऱ्या जागेची आणि निःसंदिग्ध असली तरीही.